स्विमसूटची फेरी काढली म्हणून वाद मिटत नाही

तुमच्या पुतणीला राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत उतरायचं आहे, घरातल्या काहींच्या मते तो धर्माचा अपमान आहे, आणि तुम्ही विचारता आहात की अनेक धर्मांच्या देशात अशी स्पर्धा असावी का, आणि स्विमसूटची फेरी काढून टाकली तर विरोध मावळेल का. स्पर्धक मुलींच्या तयारीत मी बरीच वर्षं मदत करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे: नाही मावळत.

१९९६ साली मिस वर्ल्ड बंगळुरूत झाली. विरोध इतका तापला की आयोजकांनी स्विमसूटची फेरी देशाबाहेर, सेशेल्सला नेली. तरी आंदोलनं थांबली नाहीत. मदुराईत एका तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. २०१३ साली तीच स्पर्धा इंडोनेशियात होती. बिकिनी नसेल, स्पर्धक सरोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसतील, असं आयोजकांनी खूप आधी जाहीर केलं होतं. मोर्चे निघायचे ते निघालेच, आणि जकार्ताजवळ ठरलेला अंतिम सोहळा शेवटी हिंदूबहुल बालीला हलवावा लागला. तिसरं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये शातू गार्को ही कानोची अठरा वर्षांची मुलगी हिजाब घालून मिस नायजेरिया झाली. अंग पूर्ण झाकलेलं, केस झाकलेले. तरीही कानोच्या धार्मिक पोलिसांनी, म्हणजे हिस्बाने, तिच्या आईवडिलांना बोलावून घेणार असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे कपडे निमित्त आहेत. खरा वाद मुलीच्या खांद्यावरच्या त्या पट्ट्याचा आहे, ज्यावर देशाचं नाव लिहिलेलं असतं. तो पट्टा तिला कुणी दिला, कुणाला विचारून दिला, आणि ती नक्की कुणाची: स्वतःची, घराची, समाजाची की देशाची?

पाकिस्तानात २०२३ साली हेच झालं. कराचीची एरिका रॉबिन, धर्माने ख्रिश्चन, मिस युनिव्हर्स पाकिस्तान म्हणून निवडली गेली. निवड झाली मालदीवमध्ये. काळजीवाहू पंतप्रधानांनी चौकशीचे आदेश दिले, आणि चौकशी होती ती देशाचं नाव वापरायची परवानगी कुणी दिली याची. आपण कुणालाही पाठवलेलं नाही, असं सरकारने सांगून टाकलं. ती मिस युनिव्हर्ससाठी एल साल्वाडोरला गेली आणि स्विमसूटच्या फेरीत अंग पूर्ण झाकणारा पोशाख घालून चालली. आक्षेप कपड्यांचाच असता तर तिथे विषय संपला असता.

आता हेच मलेशियात उलट बाजूने बघा. तिथे मुस्लिम स्त्रियांनी सौंदर्यस्पर्धेत भाग घेऊ नये असा १९९६ चा फतवा आहे, आणि त्याच्या आधारे २०१३ साली मिस मलेशिया वर्ल्डच्या अंतिम यादीतल्या चार मुस्लिम मुलींना बाहेर पडावं लागलं. चिनी, भारतीय, ख्रिश्चन मुली पुढे जाऊ शकतात. स्पर्धा देशाच्या नावाची, पण देशातल्या बहुसंख्य समाजाच्या मुलींना तिचं दार बंद. यात मुस्लिम मुलींवर अन्याय आहेच, पण जिंकणाऱ्या मुलीवरही आहे. तिच्याकडे 'त्या दुसऱ्या लोकांची' म्हणून बघितलं जातं.

भारताचा इतिहास या बाबतीत मला फार बोलका वाटतो. १९४७ ची मिस इंडिया एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, पडद्यावरची प्रमिला, ही कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातली. १९५२ च्या पहिल्याच मिस युनिव्हर्सला गेलेली इंद्राणी रहमान नृत्यांगना होती. वडील भारतीय, आई अमेरिकन, नवरा हबीब रहमान हे नावाजलेले वास्तुविशारद. ती तेव्हा विवाहित होती, आईही झाली होती. १९६४ ची मेहेर कॅस्टेलिनो आणि १९६५ ची पर्सिस खंबाटा, दोघी पारशी घरांतल्या. १९६६ साली मिस वर्ल्ड झालेली पहिली भारतीय रीटा फारिया मुंबईत वैद्यकीचं शिक्षण घेणारी, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातली. आणि १९६७ ची नकी जहान तर प्रमिलाचीच मुलगी, वडील मुस्लिम.

ही नावं बघून 'किती सर्वसमावेशक स्पर्धा होती' असं म्हणायचा मोह होतो. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. ज्या छोट्या समाजांत मुलींचं इंग्रजी शिक्षण, नाटक-नाच, चारचौघांत वावरणं आधी रुळलं होतं, त्या समाजांच्या मुली आधी पुढे आल्या. बाकी बहुतेक घरांतून मुलीला मंचावर पाठवायची कल्पनाच कुणी केली नसती. तेव्हा ही यादी देशाचं चित्र नव्हती. पण एवढं खरं की ज्यांची लोकसंख्या नगण्य, अशा समाजांच्या मुलींना देशाच्या नावाने उभं राहता आलं. मतपेटीतून अशा समाजाला फारसं काही मिळत नाही. या मुलींना ती जागा मिळाली, आणि ती मिळाली याचं मला मोल वाटतं.

मग काही जण सुचवतात की मुकुट आळीपाळीने एकेका धर्माला द्या, म्हणजे तक्रारच नको. कृपा करून हे नको. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया अशी वाटणी आहे, आणि प्रत्येक पदावरचा माणूस आधी आपल्या पंथाचा म्हणून ओळखला जातो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तसलं ओझं ठेवायचं कारण नाही. कोट्यातून आलेला मुकुट ती जिंकलेला मुकुट राहत नाही.

२००२ च्या नायजेरियाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. आदल्या वर्षी आग्बानी दारेगो मिस वर्ल्ड झाली, म्हणून स्पर्धा तिच्या देशात आली. अंतिम सोहळा रमजान संपल्यावर ठेवला होता, पण स्पर्धक रमजानातच येऊन राहिल्या होत्या. त्यात एका वृत्तपत्रातल्या लेखात पैगंबरांबद्दल एक वाक्य छापून आलं. कादुना शहरात त्या वृत्तपत्राचं कार्यालय जाळलं गेलं, मग दंगल पेटली आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. स्पर्धा लंडनला हलवली, आणि मुकुट मिळाला तुर्कस्तानच्या आझ्रा आकिनला, म्हणजे मुस्लिमबहुल देशातल्याच मुलीला. याचा दोष स्पर्धेवर टाकणारे पुष्कळ आहेत. पण कादुनात दोनच वर्षांपूर्वी, २००० साली, शरियतच्या प्रश्नावरून ख्रिश्चन-मुस्लिम दंगलीत हजाराहून अधिक लोक मेले होते. बंदुकीची दारू तिथे आधीच पसरलेली होती. आयोजकांची चूक एवढीच, आणि ती लहान नाही, की अशा ठिकाणी, अशा महिन्यात सोहळा नेताना स्थानिक लोकांना काय वाटेल हे त्यांनी गांभीर्याने विचारलं नाही.

विरोधकांना मी सरसकट मागासलेले म्हणणार नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत मिस अमेरिकाविरुद्ध आणि १९७० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्डविरुद्ध उभ्या राहिल्या त्या स्त्रीवादी बायका होत्या. बंगळुरूतही धर्माभिमानी संघटनांबरोबर डाव्या विचारांच्या महिला संघटना रस्त्यावर होत्या. मुलींना मापात बसवून गुण देणं चुकीचं आहे, हा आक्षेप रास्त आहे आणि मला तो अजूनही टोचतो. स्पर्धेवर टीका करा, बहिष्कार घाला, मोर्चा काढा. सज्ञान मुलीचं नाव यादीतून खोडायचा अधिकार मात्र त्यातून कुणाला मिळत नाही, आणि तिच्या आईवडिलांना बोलावून घ्यायचा तर नाहीच.

हलिमा एडनचं उदाहरण मी प्रत्येक घरात सांगते. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेली ही सोमाली मुलगी २०१६ साली मिस मिनेसोटा यूएसएमध्ये हिजाब आणि बुर्किनी (अंग पूर्ण झाकणारा पोहण्याचा पोशाख) घालून उतरली आणि उपान्त्य फेरीपर्यंत गेली. पुढे मोठी मॉडेल झाली. २०२० मध्ये तिने जाहीर केलं की या कामात आपल्या श्रद्धेशी तडजोड होते आहे, आणि रॅम्प सोडला. पहिल्या वेळी एका बाजूने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाजूने. मला दोन्ही वेळा ती सारखीच बरोबर वाटते, कारण दोन्ही निर्णय तिचे होते.

आता आयोजकांकडून काय मागायचं ते सांगते, कारण पुतणीला त्याचाच उपयोग होईल. पोशाखाची निवड लेखी हवी. एका मुलीने पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख घालून सगळा सराव केला होता. नियमावलीत त्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिला कुणी सांगू शकलं नाही की गुण कापले जातील की नाही. ती रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी तिची चालच बिघडली. 'आमची हरकत नाही' असं तोंडी आश्वासन पुरत नाही. झाकलेल्या पोशाखाला गुण कसे द्यायचे हे परीक्षकांच्या कागदावर असायला हवं.

प्रश्नोत्तरांच्या फेरीत चिठ्ठ्या टाकून प्रश्न द्यावेत. नाहीतर बाकीच्या मुलींना शिक्षण, पर्यावरण, स्वप्नं विचारतात आणि हिजाब घातलेल्या मुलीला हिजाबच विचारतात. तीस सेकंदांत तिने सगळ्या धर्माची बाजू मांडायची, हे कुठलं न्यायाचं? याची तयारी मात्र करून ठेवा. मी मुलींना एवढंच सांगते: उत्तर स्वतःपुरतं द्यायचं, 'आमच्यात असं असतं' हे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत.

सरकारी पैसा आणि मंत्र्यांची हजेरी असेल तर मला काळजी वाटते. खासगी स्पर्धा खासगी राहिली तर ज्याला नको त्याने ती बघू नये, एवढ्यावर भागतं. सरकार मंचावर चढलं की करदाता म्हणून प्रत्येक समाजाला त्यात मत मांडायचा हक्क येतो.

आणि करारपत्र. फॉर्म भरण्याआधीच त्याची प्रत मागून घ्या, एखाद्या वकिलाला दाखवा. जिंकल्यावर कोणते फोटो, कोणत्या जाहिराती, कोणता प्रवास नाकारता येईल. मुकुट कोणत्या कारणाने काढून घेता येईल. लग्नाबद्दल काय अट आहे. बांगलादेशात २०१७ साली विजेत्या मुलीचं आधी लग्न झालं होतं हे उघडकीला आलं आणि तिचा किताब गेला. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि मुलं असलेल्या स्त्रियांना दार उघडलं आहे, पण प्रत्येक देशातल्या आयोजकाची अट वेगळी असू शकते. दारू, मांसाहार, अंगप्रदर्शन, सणाच्या दिवशी काम, जे काही घरात खटकणार आहे ते आधी घरात बसून लिहून काढा आणि करारातल्या कलमांशी ताडून बघा. त्या बैठकीत जे नातेवाईक अपमानाची भाषा करतात त्यांनाही बसवा, पण सही करायची की नाही हे पुतणीलाच ठरवू द्या. प्रत मिळाली आणि एखाद्या कलमाबद्दल शंका आली तर इथे लिहा, मी वाचून सांगेन.