जुन्या ट्रॅक्टरची ऑइल गळती: आधी धू, मग शोध

भावा, जुना ट्रॅक्टर घेतलास आणि खाली काळा डाग दिसला म्हणून लगेच इंजिन खोलायला देऊ नकोस. बऱ्याचदा खराब पॅकिंग (दोन भागांच्या जोडात बसवलेला गॅस्केट) नाहीतर सैल बोल्ट निघतो.

पहिलं काम धुण्याचं. उसाच्या फडातली माती आणि ऑइल यांचा थर बसला असेल तर काहीच कळणार नाही. डिझेल आणि ब्रशने इंजिन घासून कोरडं कर. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघ, ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ते कमी कर. मग थोडा वेळ चालव, बंद कर, आणि टॉर्चने बघ. चालू पंख्याजवळ हात नको.

ऑइल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे थेंब पडतो तिथे नव्हे, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. या क्रमाने बघ:

- टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) पॅकिंग
- ऑइल फिल्टर, ऑइलचा प्रेशर स्विच
- ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगली सीलसुद्धा गळायला लागते
- चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग, ऑइल काढायचा ड्रेन नट

नवखे हमखास बोल्ट जोर लावून आवळतात. पॅकिंग चेपतं, गळती वाढते. सिलिकॉन बाहेरून थापणं तर निव्वळ वेळ काढणं.

इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून गळत असेल तर मात्र क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मागची सील गेलेली असू शकते. त्यासाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच दे. तोवर रोज सकाळी डिपस्टिक बघत जा.