आईचा विसराळूपणा: वय की आजार?

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरते, नावं उशिरा आठवतात. गेल्या महिन्यात मात्र रोजच्या भाजीवाल्याकडून घरी येताना रस्ता चुकली. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: चष्म्याची, नावांची काळजी करू नका. उशिरा का होईना, नाव आठवतं ना? ते वयाचं. ओळखीचा रस्ता चुकणं मात्र वयाच्या खाती टाकू नका. मी डॉक्टर असूनही माझ्या आजीच्या बाबतीत तेच केलं. चाळीस वर्षं पुरणपोळ्या करणारी आजी पुरणात गूळ घातला का, हे तीन-तीनदा विचारायची आणि आम्ही ‘वय झालं’ म्हणत राहिलो. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

आधी रक्तातलं थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ बऱ्याचदा कमी असतं आणि ते भरून काढता येतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या, सर्दीची काही औषधंही घोटाळा करतात. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) कमी होणं असू शकतं. त्याच दिवशी न्या. आणि सोबत तुम्ही जाच. आई ‘मला काही झालेलं नाही’ असंच सांगेल.