गिटारवादक रँडी ऱ्होड्सने ओझीबरोबर दोनच अल्बम केले, जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी लोक अजून एवढे का हळहळतात?

तुम्ही लिहिलंय की मुलाने ऐकवलं म्हणून ओझीचं क्रेझी ट्रेन हे गाणं ऐकलं, रँडीचा गिटार सोलो भारी वाटला, पण खालच्या कमेंट्समध्ये पन्नाशीतले लोक रडतायत ते काही झेपलं नाही. पंचविसाव्या वर्षी गेलेला पोरगा, ज्याला यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलंही नाही, त्याच्यासाठी इतकं काय. रास्त प्रश्न आहे. मी त्या रडणाऱ्यांपैकी एक आहे (म्हणजे कमेंटमध्ये रडत नाही, पण तुम्हाला कळलं), तर माझ्या परीने सांगतो.

आधी थोडक्यात माहिती, कारण ती नसेल तर पुढचं कळणार नाही. रँडी ऱ्होड्स, जन्म 6 डिसेंबर 1956, सांता मोनिका. आईचं नाव डेलोरिस, तिची नॉर्थ हॉलीवूडमध्ये म्युझोनिया नावाची संगीत शाळा होती, आणि हा तिथे शिकला आणि थोडा मोठा झाल्यावर तिथेच शिकवायलाही लागला. क्वायट रायट नावाचा बँड काढला, त्यांचे पहिले दोन अल्बम निघाले ते फक्त जपानात, म्हणजे राहतो अमेरिकेत आणि रेकॉर्ड मिळते टोकियोत. तेव्हा दिवसभर पोरांना गिटार शिकवायची आणि रात्री क्लबात वाजवायचं असं चाललेलं. 1979 च्या शेवटी गायक ओझी ऑस्बॉर्नने उचलला, ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडमधून हाकलल्यावर ओझी पार ढेपाळलेला होता तेव्हा. 1980 ला ब्लिझार्ड ऑफ ओझ, 1981 ला डायरी ऑफ अ मॅडमॅन, आणि 19 मार्च 1982 ला फ्लोरिडात लीसबर्गला छोटं विमान पडून गेला. एवढाच हिशेब.

त्या विमानाचं लिहायला मला आवडत नाही पण लिहावं लागतं कारण लोकांना वाटतं रॉकवाला तरुण गेला म्हणजे ड्रग्जच असणार. तसं नाही. आदल्या रात्री नॉक्सव्हिलला कार्यक्रम झाला, ऑर्लँडोला जायचं होतं, वाटेत लीसबर्गला बस कंपनीच्या जागेत थांबले, आणि बसच्या ड्रायव्हरकडे पायलटचं लायसन होतं, त्याने तिथलं एक छोटं विमान न विचारताच काढलं आणि लोकांना चक्कर मारून आणायला लागला. रँडीला विमानाची भीती वाटायची, तरी दुसऱ्या फेरीत बसला. बरोबर कपड्यांचं, मेकअपचं बघणाऱ्या रेचल यंगब्लड होत्या, वय 58. पायलटने उभ्या बसच्या अगदी जवळून दोनतीनदा विमान काढलं, शेवटच्या वेळी पंख बसला घासला आणि संपलं, तिघंही गेले. तपासात पायलटच्या रक्तात कोकेन सापडलं. रँडीच्या रक्तात फक्त निकोटिन. जुने फॅन ही निकोटिनची गोष्ट का सांगत बसतात ते आता कळेल. दोन महिने आधी, त्याच दौऱ्यात, ओझीने स्टेजवर वटवाघळाला चावा घेतला होता ते अख्ख्या जगाला माहितीये, आणि त्याच स्टेजवर शेजारी कोण वाजवत होतं ते विचारलं तर लोक गप्प, याचा राग राहतो मनात.

आता माझं. मी डोंबिवलीचा. 1994 साल असेल, एका मित्राने मला ट्रिब्यूट अल्बम कॅसेटवर भरून दिला. ट्रिब्यूट म्हणजे 1987 ला निघालेलं लाइव्ह रेकॉर्डिंग, बरचसं 1981 च्या क्लीव्हलंडच्या कार्यक्रमाचं, कव्हरवर ओझीने रँडीला गिटारसकट उचलून धरलाय तो फोटो. रँडीच्या आईला त्रास नको म्हणून पाच वर्षं थांबले असं म्हणतात, असो. तर कॅसेट होती 60 मिनिटांची आणि अल्बम त्याच्यापेक्षा लांब, त्यामुळे शेवटचं कापलं गेलं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. मी ती कॅसेट घासून घासून संपवली. माझी गिटार म्हणजे अगदी स्वस्तातली, तारा इतक्या वर की खाली पेन्सिल गेली असती, त्यावर मी मिस्टर क्राउली या गाण्याचा सोलो बसवायचा प्रयत्न करत होतो. रिवाइंड, प्ले, रिवाइंड, प्ले. बाबा म्हणायचे हा मुलगा एकच ओळ तीन महिने वाजवतोय, याला पुढचं येत नाही का. येत नव्हतं!

तुम्हाला सोलो भारी वाटला म्हणालात ना, तो परत हेडफोन लावून ऐका. स्टुडिओत तो एकच सोलो नुसता एकदा वाजवून थांबायचा नाही, तोच सोलो सुराला सूर, खेचलेल्या तारेसकट परत वाजवायचा आणि एकावर एक चढवायचा, म्हणून तो आवाज असा जाड आणि किंचित थरथरता येतो. इंप्रोवाइज केलेला सोलो असा दोनतीनदा सेम वाजवता येत नाही, तो आधी रचावा लागतो, पाठ करावा लागतो. त्या काळात गिटारवादक एडी व्हॅन हेलनची हवा होती, सगळे सुसाट सुटलेले, आणि हा माणूस बंदिश बांधल्यासारखा सोलो बांधत होता. डायरी ऑफ अ मॅडमॅन या गाण्याची सुरुवात ऐका, क्युबाचे लिओ ब्राउवर म्हणून क्लासिकल गिटारचे मोठे रचनाकार आहेत, त्यांच्या एका एट्यूडची (सरावासाठी बांधलेल्या छोट्या रचनेची) सावली सरळ दिसते त्यात. हेवी मेटलच्या रेकॉर्डवर!

आणि हे त्याने मिरवायला केलेलं नाही, तो खरंच शिकत होता. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दौऱ्यावर असताना नव्या गावात पोचला की फोनची यलो पेजेस उघडून तिथला क्लासिकल गिटारचा शिक्षक शोधायचा आणि पैसे देऊन तासभर शिकवणी घ्यायचा. रात्री हजारो पोरं ज्याच्या नावाने ओरडणार तो दुपारी कुठल्यातरी अनोळखी सरांपुढे खुर्चीत बसून बोटं कशी ठेवायची ते विचारतोय. ओझीने स्वतः सांगितलंय की शेवटी शेवटी रँडी त्याला म्हणाला होता, मला हे सगळं सोडून क्लासिकल गिटारची डिग्री करायचीये. ओझीला तेव्हा वेडेपणा वाटला होता.

म्हणजे बघा, बाकी तरुण गेलेले लोक आपण आठवतो तेव्हा 'त्याने काय केलं' ते आठवतो. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स सत्ताविसाव्या वर्षी गेला पण तोपर्यंत त्याने गिटारचं जे करायचं ते करून टाकलं होतं. रँडीचं अर्धवट राहिलं. तो कुठे निघाला होता ते दिसतंय, तिकीट काढलेलं दिसतंय, आणि गाडी सुटलीच नाही. ज्याने स्वतः कधी काही शिकायचा प्रयत्न केलाय त्याला हे जास्त लागतं.

2018 च्या मार्चमध्ये मी ताईकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो, ती लॉस एंजेलिसच्या पूर्वेला राहते. रँडीला पुरलंय ते सॅन बर्नार्डिनोच्या माउंटन व्ह्यू सेमेटरीत, तिच्या घरापासून पाऊणएक तास. मी म्हटलं 19 मार्चला मला तिथे जायचंय. भावोजी म्हणाले, "अरे लोक इथे येऊन डिस्नेलँडला जातात, तू स्मशानात कुठे निघालास? कोण लागतो तो तुझा?" पण नेलं बिचाऱ्यांनी. मला वाटलेलं दगडावर नाव असेल, फोटो काढू आणि निघू. तिथे माणसं होती. दहाबारा जण असतील, गर्दी नाही, पण एकमेकांना ओळखत असल्यासारखे उभे. समाधीपाशी फुलं आणि पिक्स, तारा छेडायची गिटारची पिक्स, पांढरी काळी पिवळी, कुणी कुणी त्यावर मार्करने काहीबाही लिहिलेलं. एक साठीचा गृहस्थ, ट्रक चालवायचा म्हणाला, त्याने 1981 ला प्रत्यक्ष ऐकलं होतं, आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे असं बघत होते जसं आपल्याकडे 'मी वसंतरावांना समोर बसून ऐकलंय' म्हणणाऱ्याकडे बघतात. एक चौदापंधरा वर्षांचा पोरगा नायलॉनच्या तारांची गिटार घेऊन आला होता, त्याने डी वाजवलं.

डी हा ब्लिझार्डवरचा जेमतेम 50 सेकंदांचा तुकडा, आईसाठी केलेला, डेलोरिसची डी. त्या पोराचं मध्ये चुकलं, थांबला, सॉरी म्हणाला, परत सुरू केलं. कुणी हसलं नाही. मी पण आपलं मुंबईहून आणलेलं एक पिक ठेवलं. भावोजींनी परतताना विचारलं, "हे दरवर्षी येतात?" म्हटलं आपल्याकडे मास्टर दीनानाथांच्या पुण्यतिथीला दरवर्षी गाणं होतं की नाही, तेही एकेचाळिसाव्या वर्षीच गेले. मग जरा गप्प बसले.

फॅन लोक भांडतातही, ते पण सांगायला हवं. 2002 ला ब्लिझार्ड आणि डायरी हे दोन्ही अल्बम परत काढले तेव्हा मूळ बेस आणि ड्रम्स, म्हणजे बॉब डेझली आणि ली कर्स्लेकचं वाजवणं, पुसून तिथे दुसऱ्यांकडून नव्याने वाजवून घेतलं होतं. कारण पैशाच्या कोर्टकज्ज्यांचं. रँडीची गिटार तीच, पण ज्यांच्याबरोबर खोलीत उभं राहून ती वाजवली तेच गायब. लोक इतके चिडले की बस, 2011 ला मूळ आवाज परत आणावे लागले. जुनी सीडी घ्याल तर साल बघून घ्या. 2019 ला म्युझोनियात चोरी झाली, त्याची लहानपणची पहिली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा गेली, तेव्हा तर जगभरचे फॅन घरचं काही गेल्यासारखे शोधायला लागले, बऱ्याच वस्तू मिळाल्या नंतर. 2021 ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, गिटारवादक टॉम मोरेलोने भाषण केलं, या मोरेलोने मुलाचं नाव ऱ्होड्स ठेवलंय. आणि जुलै 2025 मध्ये ओझी गेला तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर तोच उचलून धरलेला फोटो येत होता.

हां, तर ते कापलं गेलेलं कॅसेटचं राहिलं. मित्राने खूप वर्षांनी सीडी आणली तेव्हा मला कळलं की ट्रिब्यूटच्या शेवटी काय आहे. स्टुडिओतले डीचे टेक्स आहेत. वाजवतो, चुकतो, थांबतो, काचेपलीकडच्या माणसाशी दोन शब्द बोलतो, परत सुरू करतो. दहा वर्षं मी ज्याच्या मागे बोटं सोलून घेतली त्याचा बोलण्याचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. एकदम साधा, हलका, कॉलेजच्या पोरासारखा आवाज. आणि तो पण चुकतो, त्याच त्या 50 सेकंदांच्या तुकड्यात, जिथे माझं चुकायचं साधारण तिथेच! मी सीडी परत मागे घेतली आणि ऐकली, मग परत.

तर मुलाला सांगा क्रेझी ट्रेन झालं असेल तर आता ट्रिब्यूटच्या शेवटचं ते ऐकव. मला डी अजून धड येत नाही, उत्तरार्धात करंगळी पोचत नाही. दर 19 मार्चला भावोजींचा तिकडून न चुकता मेसेज येतो, "आज तुझ्या मित्राची तिथी ना? वाजवलंस का?"