गळाला लागलेला मासा ठेवावा की सोडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हौसेने मासे गरवता. सोबतचे म्हणतात, लागलेला प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे. घरचे म्हणतात, खायचाच नाही तर त्या मुक्या जिवाला गळ टोचायचा कशाला? आता मुलगीही सोबत येऊ लागली आहे आणि तिला काय शिकवावं, हे तुम्हाला उमगत नाही.

मीही गरवतो. काही मासे घरी आणतो, काही सोडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या घरच्यांचा आक्षेप सोबत्यांच्या नियमापेक्षा खोल आहे. ठेवायचा की सोडायचा, हे मासा हातात आल्यावर ठरतं. पण त्याला जे सोसावं लागतं, त्यातलं बरंचसं तोवर सोसून झालेलं असतं. म्हणून किती मासे घरी नेले यापेक्षा किती माशांना गळ लावला, हा आकडा मी आधी बघतो.

माशाला वेदना होते का, यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउट माशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचलं, तेव्हा त्यांच्या कल्ल्यांची हालचाल वाढली, बराच वेळ त्यांनी खाण्याला तोंड लावलं नाही, आणि ॲसिड टोचलेले काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. जेम्स रोझ यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की माणसाला वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या बाह्यपटलामुळे होते, ते माशाला नसतंच, त्यामुळे हे सारं जाणिवेशिवाय घडणारं वर्तन असू शकतं. मी शास्त्रज्ञ नाही. पण जिथे शंका आहे, तिथे तिचा फायदा माशाला मिळावा असं मला वाटतं, कारण चूक झालीच तर भोगणार तो आहे.

याच प्रश्नावर देशादेशांचे कायदेही उलट दिशांना गेले आहेत. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणीसंरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना किंवा इजा करता येत नाही. खाण्यासाठी मासा धरणं हे तिथे सबळ कारण ठरतं. केवळ मजा म्हणून पकडून सोडणं ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्येही सोडायचंच या इराद्याने गरवायला बंदी आहे. याउलट अमेरिकेतल्या कितीतरी नद्यांवर मासा सोडणं सक्तीचं आहे आणि नेणारा गुन्हेगार ठरतो. मला या दोन्हींत विसंगती दिसत नाही. एक कायदा त्या एका माशाकडे बघतो, दुसरा त्या पाण्यातल्या सगळ्या माशांकडे. गरवणाऱ्याला दोन्हीकडे बघावं लागतं, म्हणूनच तुमचा प्रश्न अवघड आहे.

आता सोबत्यांच्या नियमाकडे येतो. ‘सोडला म्हणजे वाचला’ हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि ते नेहमी खरं नसतं. २००५ च्या एका आढाव्यात सोडलेल्या माशांच्या मृत्यूचे २७४ अंदाज एकत्र तपासले होते. त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा अंदाज, ११ टक्के आणि सरासरी १८ टक्के निघाली. काही ठिकाणी जवळजवळ कुणी मेलं नाही, तर काही ठिकाणी बहुतेक सगळे मेले. हे मरण आपल्याला दिसत नाही. मासा शेपटी मारून खोल जातो, आपल्याला बरं वाटतं, आणि तो काही तासांनी किंवा दिवसांनी मरतो.

मग हिशेब करून बघा. एकाने दिवसभरात २० मासे पकडले आणि सगळे सोडले. मध्यकाच्या हिशेबाने त्यातले दोन मेले. दुसऱ्याने दोन पकडले, जागच्या जागी मारले, घरी नेले आणि गळ गुंडाळला. मेलेले मासे दोन्हीकडे सारखेच, पण पहिल्याने आणखी १८ जिवांना गळ लावला आणि जे मेले ते कुणाच्याही पोटी गेले नाहीत. पहिला स्वतःला दयाळू समजत असेल तर त्याने हा हिशेब एकदा मांडावा. पूर्ण सोडणाऱ्यांचा मला राग नाही, पण पिशवीत दोन मासे घेऊन चाललेल्याकडे त्यांनी तुच्छतेने बघावं, हे मला पटत नाही.

तरीही काही मासे सोडलेच पाहिजेत, आणि इथे मी सोबत्यांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू सोडावं, हे सगळे जाणतात. मोठ्या मादीबद्दल मात्र लोक उलट वागतात. जितकी मोठी, तितकी ती घरी नेण्याची हौस. मादीची अंडी तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून जास्त वेगाने वाढतात. अटलांटिकमधल्या कॉड माशाचं उदाहरण घ्या: ३० किलोची एक मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांच्या एकत्रित अंड्यांपेक्षा जास्त अंडी देते, आणि त्या २८ जणींचं वजन ५६ किलो भरतं. गाभोळी भरलेली मोठी मादी नेणं म्हणजे बी-बियाणं खाऊन टाकणं. म्हणून जाणकार ठिकाणी नियम दोन टोकांचा असतो: अमुक मापाखालचा सोडा, अमुक मापावरचाही सोडा, मधला न्या. नियम नसेल तिथेही मी हेच पाळतो. मधल्या मापाचा मासा खायलाही बरा लागतो.

जात दुर्मीळ झाली असेल तर सोडण्याच्या तयारीने तिच्यामागे लागणंही मला योग्य वाटत नाही. थोडेच उरले असतील तर दहातला एक मरणंही परवडत नाही. तिथे गळ टाकूच नये. आणि बाहेरून आणलेली, स्थानिक माशांना संपवणारी जात हाताला लागली तर तिला परत सोडणं ही दया बाकीच्यांच्या मुळावर येते. बऱ्याच ठिकाणी ती जिवंत सोडायला कायद्यानेच मनाई असते.

दोन परिस्थितींत तर ‘सोडतो’ हा शब्द फसवा आहे. पहिली, खोल पाणी. समुद्राच्या पृष्ठभागापेक्षा ३० मीटर खाली दाब चौपट असतो. तिथून मासा झपकन वर ओढला की त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट फुगू पाहतो. डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर पडतं. ट्राउट किंवा कार्पसारख्या माशांची ही पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते, त्यामुळे ते थोडी हवा बाहेर टाकू शकतात; स्नॅपर, ग्रुपर यांना ती सोय नाही. असा मासा सोडला तरी वरच तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. वजन लावलेल्या चिमट्याने त्याला पुन्हा खोल उतरवता येतं, तसं साधन नसेल तर त्या खोलीवर सोडण्याच्या इराद्याने गरवूच नये.

दुसरी परिस्थिती तापलेल्या पाण्याची. गोड्या पाण्यात १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना जेमतेम ८. झुंजून दमलेल्या माशाला प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच तो पाण्यात सर्वांत कमी असतो. पाण्याबाहेर धरल्यावर काय होतं, हेही मोजलेलं आहे. १९९२ च्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना थकेपर्यंत पळवलं. त्यातले ८८ टक्के १२ तासांनंतर जिवंत होते. थकवून वर ३० सेकंद हवेत धरलेल्यांतले ६२ टक्के उरले, आणि एक मिनिट धरलेल्यांतले फक्त २८ टक्के. एक मिनिट म्हणजे फोन काढून दोन फोटो घेण्याइतका वेळ! म्हणून मासा सोडायचा असेल तर त्याचा फोटो मी काढत नाही. गळ पाण्यातच सोडवतो.

बाकीचं तुमच्या सोबत्यांना ठाऊक असेलच. उलटा काटा नसलेला गळ वापरा, किंवा आमिष लावत असाल तर गोल वळलेला गळ, जो घशात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. दोरी पुरेशी मजबूत घ्या, म्हणजे मासा लवकर हाती येतो. गळ खोल गिळला असेल तर उपसत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापा.

ठेवणाऱ्यांनाही मला काही विचारायचं आहे. मासा मारता कसा? बादलीत टाकून, पिशवीत कोंबून, तो तडफडत गुदमरेपर्यंत गप्पा मारत बसता का? खाण्याचं कारण कितीही सबळ असलं तरी ती पंधरा मिनिटं त्यात बसत नाहीत. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जड दांडक्याचा एक नेमका घाव घालावा, लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यावं. जो हे करू शकत नाही, त्याने मासा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बर्फात जिवंत टाकणंही मला मान्य नाही, त्याने मरण झटपट येत नाही.

तुमच्या मुलीबद्दल. तिला आधी निर्णय घ्यायला शिकवा, गळ टाकायला नंतर. पाण्यावर पोहोचल्यावर तिच्यासोबत ठरवा: आज किती, कोणत्या मापाचे, आणि थांबायचं कधी. ठरलेले दोन मिळाले की गळ गुंडाळायचा, मासे कितीही लागत असले तरी. मारताना तिला दूर पाठवू नका, पण बळजबरीने बघायलाही लावू नका. तिने विचारलं, ‘त्याला दुखलं का?’, तर ‘नाही’ म्हणू नका. आणि तिला गरवणं नकोसं झालं तर तेही उत्तरच समजा.

एक प्रसंग तिच्यासमोर कधीतरी येईलच: लहान, मापाखालचा मासा, गळ कल्ल्यात रुतलेला, रक्त वाहतंय. नियम म्हणतो सोडा, डोळ्यांना दिसतंय की तो जगणार नाही. तरी सोडा, कारण ‘मरणारच होता’ ही सबब एकदा चालली की मापाच्या नियमाला अर्थ उरत नाही. पण तो तुमच्या दोनांतला एक धरा, आणि त्या दिवशी एकच मासा घरी न्या.