मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या भावाच्या जुन्या वस्तू त्याच्यासमोर काढाव्यात का?

आपण विचारले आहे की, मानेच्या दुखापतीमुळे हातापायांतील शक्ती गेलेला आपला धाकटा भाऊ घर बदलताना सापडलेले त्याचे जुने सामान पाहून खचेल का, ते आधीच कोणाला देऊन टाकावे का, आणि त्याच्यासाठी आता कोणती साधने घ्यावीत. माझ्या मानेतील मज्जारज्जूला सहाव्या मणक्यापाशी इजा होऊन बारा वर्षे झाली. खांदे हलवणे, कोपर वाकवणे आणि मनगट वर उचलणे एवढेच माझ्या ताब्यात आहे. बोटे हलत नाहीत. माझ्या अनुभवावरून सांगतो, त्याला विचारल्याशिवाय एकही वस्तू देऊ नका.

अपघातानंतर घरच्यांनी माझे गिर्यारोहणाचे सामान पत्र्याच्या ट्रंकेत भरून पोटमाळ्यावर ठेवले होते. पहिली काही वर्षे मलाही ते डोळ्यांसमोर नको होते. मागच्या वर्षी घराला रंग देताना ती ट्रंक खाली आली. त्यात दोर होते, तळ झिजलेले बूट होते आणि सर्वांत खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या चौदा वह्या होत्या. कोणत्या गडाची वाट कुठून फुटते, परतीची एसटी किती वाजता मिळते, कोणत्या टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यात पिण्याजोगे असते, हे सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. बूट पाहून मला रडू आले, हे लपवत नाही. वह्या पाहून मात्र कित्येक वर्षांनी हात शिवशिवले.

त्याच पिशवीत चामड्याचा एक पट्टाही निघाला. तळहाताभोवती बांधायचा आणि त्याच्या खाचेत चमचा किंवा पेन खोचायचे, असे हे अगदी साधे साधन आहे. सुरुवातीच्या महिन्यांत व्यवसायोपचार करणाऱ्या, म्हणजे रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या ताईंनी तो दिला होता, पण तो बांधून घेणे म्हणजे बोटे परत येणार नाहीत हे कबूल करणे, असे वाटून मी तो वापरलाच नाही. आता आईने त्यात पेन्सिल उलटी खोचून दिली. खोडरबराचे टोक पानाच्या कडेवर टेकवून खांद्यातून हात ओढला की पान उलटते. पहिले पान उलटायला चार वेळा प्रयत्न करावा लागला. हे दुसऱ्या कोणी माझ्यासाठी करणे आणि मी स्वतः करणे यांत किती अंतर आहे, ते आपला भाऊच आपल्याला सांगू शकेल.

आता मी त्या वह्या वाचून फोनवर उतरवतो. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिण्याची सोय 2017 पासून आहे. मराठीचा बराचसा भाग ते बरोबर पकडते, गडांवरचे शब्द मात्र त्याला झेपत नाहीत. रतनगडाच्या पानावर ‘नेढ्यात वारा उभे राहू देत नाही’ (नेढे म्हणजे खडकाला पडलेले आरपार भोक) असे मी वाचले, तर पडद्यावर ‘वेड्यात वारा’ उमटले. असे शब्द मी करंगळीच्या पेराने एकेक अक्षर दाबून सुधारतो. अ‍ॅप्स उघडणे, पडदा सरकवणे, फोन लावणे यांसाठी अँड्रॉइडवर व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे, तर आयफोनवर 2019 पासून व्हॉइस कंट्रोल आहे. पडद्यावरील प्रत्येक बटणाला क्रमांक येतो आणि तो क्रमांक उच्चारला की बटण दाबले जाते. मी या आज्ञा इंग्रजीत देतो. छातीचे स्नायू काम करत नसल्याने लांब वाक्याला श्वास पुरत नाही. पोटाला पट्टा बांधून बसलो की थोडा अधिक पुरतो. दिवसाला दीड पान होते.

साधने निवडण्यापूर्वी भावाची दुखापत नेमक्या कोणत्या पातळीवर आहे आणि त्याला मनगट उचलता येते का, हे पाहून घ्या. मनगट वर उचलता येत असेल, तर ते उचलताना बोटे आपोआप आत वळतात आणि त्या पकडीत कागद, पोळीचा तुकडा, हलका डबा धरता येतो. ही पकड स्नायूबंधांच्या, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, ताठरपणावर टिकते. म्हणून मनगट वर असताना घरच्यांनी मायेने त्याची बोटे सरळ करून ताणू नयेत, नाहीतर ती पकड कायमची सैल पडते. मनगट खाली वाकवूनच बोटे सरळ करावीत. हे मला कोणी वेळेवर सांगितले नव्हते आणि माझ्या डाव्या हाताची पकड त्यामुळेच गेली. मनगटही उचलता येत नसेल, तर तोंडात धरायची काडी आणि आवाजावर चालणारा फोन यांपासून सुरुवात करावी. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयातील व्यवसायोपचार विभागात त्याचा हात एकदा दाखवाच. महागडी यंत्रे त्यानंतर बघा.

सामान त्याच्या मांडीवर ठेवू नका. मी हौसेने ट्रंक मांडीवर घेतली होती. अर्ध्या तासाने ती उचलली तेव्हा कडेचा लाल वळ उमटलेला होता आणि मला काहीच जाणवले नव्हते. तो व्रण भरायला पाच आठवडे लागले. खुर्ची आत सरकेल एवढ्या उंचीच्या टेबलावर ट्रंक ठेवा, झाकण उघडा आणि कोणती वस्तू आधी बाहेर काढायची ते त्याला सांगू द्या. माझे दोर मी गिर्यारोहण शिकणाऱ्या मुलांना सरावापुरते दिले. बूट अजून ट्रंकेतच आहेत, कारण त्यांचे काय करायचे ते मी अजून ठरवलेले नाही, आणि घरात कोणी मला त्याबद्दल विचारतही नाही.