सूडाची तीच कथा, तरी ‘बदलापूर’ वेगळा का?

प्रश्न : श्रीराम राघवन दिग्दर्शित ‘बदलापूर’ (२०१५) हा हिंदी चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. दरोडेखोरांमुळे बायको आणि मुलगा गमावलेला नायक पंधरा वर्षे वाट पाहून सूड घेतो, एवढीच ही कथा आहे. असे सूडपट आपण कितीतरी पाहिले, तरीही हा मनातून जात नाही. याचे श्रेय दिग्दर्शनाला द्यावे की अभिनयाला?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण चित्रपट पाहिला आहे, म्हणून शेवटासकट लिहितो, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे उत्तर तूर्त बाजूला ठेवावे.

सुरुवातीचेच दृश्य आठवून पाहा. पुण्यातला एक रस्ता, त्यावरची रोजची ये-जा आणि जागेवरून न हलणारा कॅमेरा. बँकेवरचा दरोडा आणि मायलेकरांसह पळवलेली गाडी हे सारे त्या साध्या वर्दळीतच घडून जाते. संगीत आपल्याला आधी सावध करत नाही आणि कुठे पाहायचे हेही कोणी सांगत नाही. सूडपटात सहसा हाच प्रसंग प्रेक्षकाला पेटवण्यासाठी रचलेला असतो, कारण इथे जितका संताप साठेल तितके पुढचे रक्त आपल्याला न्याय्य वाटते. राघवन ही सोय आपल्याला नाकारतात, आणि माझ्या मते त्यांच्या शैलीचे मर्म या नकारात आहे. पुढे नायक राघू हातोडा उचलतो तेव्हा टाळी वाजवावीशी वाटत नाही, पोटात गोळा येतो.

पण हा नकार पडद्यावर टिकून राहतो तो नटांमुळे. तोवर नाचगाण्यांच्या आणि हलक्याफुलक्या भूमिकांत दिसलेल्या वरुण धवनने इथे चेहरा जवळजवळ विझवून टाकला आहे. राघूचे दुःख हळूहळू क्रौर्यात गोठत जाते, आणि ते नेमके कधी गोठले हे आपल्याला सांगता येत नाही. दरोडेखोरांपैकी एक असलेल्या हरमनच्या पत्नीचा तो ज्या थंडपणे अपमान करतो, त्या प्रसंगात राधिका आपटेच्या चेहऱ्यावरची भीती पाहताना आपण नायकाच्या बाजूने उभे राहूच शकत नाही. उलट नवाजुद्दीन सिद्दिकीने साकारलेला लायक नावाचा दरोडेखोर खुनी आहे, खोटारडा आहे, तरी जगण्याची त्याची हाव इतकी उघडी आणि माणसासारखी आहे की कर्करोगाने पोखरलेला हा कैदी सुटून बाहेर येतो तेव्हा आपल्याला त्याची कीव येते. ही कीव संवादांतून आलेली नाही. ती त्याच्या चालण्यातून, ओशाळ्या हसण्यातून आणि मध्येच थबकणाऱ्या नजरेतून येते.

म्हणूनच शेवटाकडे लायक राघूला सुनावतो ते खरे वाटते. आपल्या हातून खून झाला तो डोके तापलेले असताना, पण राघूने माणसे मारली ती थंड डोक्याने, असा त्याचा आरोप आहे. पुढे राघूने केलेले खून तो स्वतःच्या माथ्यावर घेतो, तेव्हा कोणाचा सूड पुरा झाला आणि कोण बदलले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम उलटी होतात. बदलापूर या गावाच्या नावातला ‘बदला’ हिंदीत सूड आणि ‘बदलला’ अशा दोन्ही अर्थांनी वाचता येतो, आणि चित्रपटाला दोन्ही अर्थ हवे आहेत. श्रेयाची वाटणी मला करता येत नाही, कारण कॅमेरा मागे थांबला म्हणून नटांना जागा मिळाली आणि नटांनी ती भरली म्हणून कॅमेऱ्याचे थांबणे सार्थ झाले.

प्रश्न : याच दिग्दर्शकाचा आणखी कोणता सूडपट पाहावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांचा पहिलाच चित्रपट, ‘एक हसीना थी’ (२००४). प्रियकराने फसवून तुरुंगात पोहोचवलेली सारिका वर्तक उर्मिला मातोंडकर यांनी साकारली आहे. तिला उंदरांची वाटणारी भीती सुरुवातीला किरकोळ वाटते; शेवटी गुहेत त्याच उंदरांच्या हवाली सैफ अली खानच्या करणला करून ती निघून जाते. त्या वेळचा उर्मिला यांचा चेहरा नीट पाहा. त्यावर विजय कुठेही नाही.