पहिल्या महायुद्धात मारला गेलेला, आवर्जून माहीत असावा असा जुना व्यावसायिक फुटबॉलपटू कोण?

वॉल्टर टल. मला त्याच्याबद्दल आधी सांगावीशी वाटते ती मैदानावरची गोष्ट नाही.

जानेवारी १९१८, इटलीतली पियावे नदी. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य. सेकंड लेफ्टनंट टल २६ जणांना घेऊन रात्री नदी पार करून गेला आणि सगळेच्या सगळे २६ सुखरूप परत आणले. डिव्हिजनचे सेनापती सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी दखल घेतली.

खरं तर हा माणूस अधिकारी होऊच शकत नव्हता. ‘शुद्ध युरोपीय वंशाच्या’ नसलेल्याला अधिकारपद नाही, असं ब्रिटिश लष्कराच्या १९१४ च्या नियमपुस्तकात होतं, आणि टलचे वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाचा मुलगा. तरी मे १९१७ मध्ये त्याला कमिशन, म्हणजे अधिकारपद, मिळालं. (आपल्या भारतीय लोकांसाठी किंग्ज कमिशनचं, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीच्या अधिकारपदाचं, दार उघडल्याची घोषणा झाली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.) माणसं हवी होती म्हणून नियमाकडे डोळेझाक झाली असेल, पण वरिष्ठांनी त्याचं नाव पुढे केलं ते त्यानं खंदकात काय केलं ते बघूनच, असं मला ठामपणे वाटतं.

जन्म १८८८, फोकस्टन. आई इंग्लिश, केंट परगण्यातली. सात वर्षांचा असताना आई गेली, नऊ वर्षांचा असताना वडील. सावत्र आईला सगळी पोरं सांभाळणं झेपेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला भाऊ एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथॉडिस्ट अनाथाश्रमात गेले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं. तो दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला, छपाईचं काम शिकला आणि फुटबॉल खेळत राहिला.

क्लॅप्टन या हौशी संघातून १९०९ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं त्याला उचललं. फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, सुरुवात झकास झाली. मग ऑक्टोबरमध्ये ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका घोळक्यानं त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. एका वार्ताहरानं लिहिलं, की मैदानातला सर्वोत्तम फॉरवर्ड तोच होता आणि गोऱ्या खेळाडूंनी त्याचा आदर्श घ्यावा. तरीही थोड्याच दिवसांत तो पहिल्या संघाबाहेर गेला. टॉटनहॅमकडून लीगचे सामने अवघे १०, गोल २. मला हे अजूनही सलतं. १९११ मध्ये नॉर्दॅम्प्टन क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला तिकडे नेलं, तिथे तो शंभराहून जास्त सामने खेळला.

डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या ‘फुटबॉल बटालियन’मध्ये भरती झाला. फ्रान्समधली १९१६ ची सोमची लढाई पाहिली.

२५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये, फाव्रयच्या परिसरात, जर्मनांच्या मोठ्या चढाईपुढे माघार घेताना त्याला गोळी लागली. मशीनगनचा मारा चालू असताना बिलिंगहॅम नावाचा त्याच्या तुकडीतला शिपाई त्याला ओढून आणायला धडपडला. जमलं नाही. देह कधीच सापडला नाही. फ्रान्समधल्या अरासच्या स्मारकावर फक्त नाव आहे. वय २९.